झांझिबारचा दाखला

बडोदे, ४ मार्च १९३१

प्रिय विमलाताई,

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे, मांडवीपर्यंत चालत जाऊन भाजी आणते. आता माझं सांगते.

नैरोबीच्या एका मुलींच्या गुजराती शाळेने मला शिक्षिकेची जागा देऊ केली होती. पासपोर्टाला अडचण एकच निघाली. मागे परमुलखात वर्षाहून जास्त राहिलेल्याला तिथल्या पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. मला हसूच आलं. झांझिबारला मी तुझ्याकडे चार वर्षं राहिले, पण घराबाहेर पडले कधी, की माझी वर्तणूक पोलिसांना ठाऊक असावी? चौदाव्या वर्षी शाळा सोडून मी तुझ्या पहिल्या बाळंतपणाला आले. हेरंब झाला, मग प्रतिमा झाली. त्यांचं न्हाऊमाखू, स्वयंपाक, धुणी सगळं केलं. बहिणीचं घर म्हणून त्याचं काही वाटलं नाही. पाहुणे आले की मला आतच थांब म्हणायचीस. मी बुजरी म्हणून म्हणत असशील, असं धरून चालले. इकडे परत आल्यावर राहिलेलं शिक्षण पुरं करून शिक्षिका झाले.

दाखला यायला पाच महिने लागले. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून शेजारच्या दिनकररावांकडे नेला. ते कचेरीत असलेच कागद लिहितात. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "दुर्गाबाई, हा दुसऱ्या कुणाचा तर नाही?" त्यात होतं: दुर्गी, सदानंदरावांच्या घरची मोलकरीण, वर्तणुकीबद्दल तक्रार नाही. नोकर म्हणून नोंदवलं की तिथल्या बंदरावर उतरायची परवानगी लवकर मिळे, असं दिनकररावांनीच समजावलं. मी म्हटलं, सदानंदभावोजींनी घाईत लिहिलं असेल. तेव्हा त्यांनी खालची ओळ दाखवली. माहिती देणारी, मालकीण विमलाबाई.

अर्जात मी बहिणीकडे राहत होते असं लिहिलं होतं. शाळेने कळवलं, अर्ज आणि दाखला जुळत नाहीत, खोटं लिहिणारी शिक्षिका आम्हाला नको. तुला मी तीन पत्रं घातली, दुर्गा माझी सख्खी बहीण आहे एवढंच कागदावर लिहून पाठव म्हणून. तू हेरंबच्या मुंजीचं लिहिलंस, तिथल्या उकाड्याचं लिहिलंस. जागा गेल्या महिन्यात दुसरीला मिळाली. मी पुन्हा इथल्या लहरीपुऱ्यातल्या शाळेत शिकवायला जाते, मुली दुर्गाबेन म्हणतात.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. परवाचं तुझं पत्र मात्र मीच तिला वाचून दाखवलं. तुला पुन्हा दिवस गेलेत आणि आपल्या धाकट्या बहिणीला, नीराला, तिकडे पाठवा, असं त्यात आहे. नीरा यंदा मॅट्रिकला बसायची आहे. तरी आई लगेच तिची पेटी काढायला उठली. मी तिला खाली बसवलं, म्हटलं, उत्तर मी लिहिते. तर ताई, नीरा येणार नाही. परीक्षा झाल्यावरही येणार नाही. तुला मोलकरीण हवी असेल तर तिथेच शोध.

तुझीच सख्खी बहीण,
दुर्गा