स्वतःच्याच तोंडाची परवानगी

प्रति,
मा. अपील अधिकारी,
ॲप परीक्षण विभाग,
ॲप स्टोअर, मुख्य कार्यालय.

विषय : वाचा गेलेल्या रुग्णांसाठीचे ‘पुन्हा बोलू’ हे ॲप त्रयस्थाचे व्हिडिओ वापरल्याच्या कारणावरून वारंवार नाकारल्याबाबत, व त्याची चाचणी आवृत्ती तूर्त बंद न करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाची चार नकारपत्रे. (चारही स्वयंचलित, चारही विनासही.)

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयाबाबत अर्जदाराची हकीकत पुढीलप्रमाणे आहे. ती थोडी लांबली आहे याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु आपल्या संकेतस्थळावरील तक्रारीच्या चौकटीत तीनशे अक्षरांच्या वर काही मावत नाही, आणि ही हकीकत तीनशे अक्षरांत मावत नाही.

१. अर्जदार ही दवाखान्यांच्या बिलांचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरीस आहे. ज्यांच्यासाठी सदर ॲप तयार झाले ते अर्जदाराचे सासरे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारत असत. त्यांचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी लिलाव थांबत नसे. बाजारात त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणत आणि ते नाव ते पदवीसारखे मिरवत. घरीही त्यांना हळू बोलणे ठाऊक नव्हते. सासूबाईंच्या कानात काही सांगितले तरी ते खालच्या मजल्यावर कळे. गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून ब्रश गळून पडला. तो उचलायला ते वाकले आणि तसेच भिंतीला टेकून बसले. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. हात-पाय हळूहळू बरेचसे ताळ्यावर आले. शब्द मात्र परत आले नाहीत.

२. या आजाराची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी नमूद करणे भाग आहे, की सासऱ्यांना समजत सगळे होते. मनात योग्य शब्द असे, पण तोंडातून भलताच बाहेर पडे. पाणी हवे असले की ते ‘कोबी’ म्हणत. चष्म्याला ‘तराजू’ म्हणत. चूक त्यांची त्यांना लगेच ऐकू येई आणि चेहरा उतरे. घरच्यांनी कोबी मागितला की पाणी द्यायला शिकून घेतले. पण एके दिवशी त्यांनी सासूबाईंना ‘वांगं’ अशी हाक मारली. सासूबाई आधी हसल्या. मग भांडी घासायची आहेत असे म्हणून आत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यानंतर सासऱ्यांनी कुणालाच हाक मारायची नाही असे ठरवले असावे, कारण ते पूर्ण गप्प झाले. ज्या घरात दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नसे, त्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

३. सरकारी रुग्णालयात वाचोपचार देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे रुग्ण ‘बोलक्या बाई’ म्हणत; जे म्हणू शकत नसत, ते त्या दिसल्या की हात वर करत. बाईंनी निवृत्तीपूर्वी आपले सगळे धडे एका व्हिडिओ स्ट्रीमिंग सेवेवर स्वतःच्या चॅनेलवर टाकून ठेवले आहेत. ओठांचा चंबू कसा करायचा, जीभ टाळूला कुठे टेकवायची, ‘प’ म्हणताना ओठांपुढे धरलेला कागद कसा हलला पाहिजे, सारे त्या स्वतः करून दाखवतात. सासऱ्यांना त्यांचे तोंड पाहत पाहत जमू लागले. अडचण एवढीच, की ते व्हिडिओ फोनवर एकटे येत नाहीत. मधे जाहिरात येते, संपला की आपोआप दुसरेच काही सुरू होते. एकदा अर्जदार कामावरून परतली तेव्हा सासरे खुर्चीत ताठ बसून, टायरच्या जाहिरातीतल्या माणसाने जे म्हटले ते इमानेइतबारे म्हणायचा प्रयत्न करत होते. त्यांना तो पुढचा धडा वाटला होता. जाहिरात संपून कुस्त्या लागल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले. मागे कसे जायचे ते कळेना, कुणाला बोलावता येईना. त्यांनी फोन भिंतीवर फेकला. आयुष्यात त्या माणसाने लिंबूसुद्धा फेकून दिले नव्हते.

४. सबब अर्जदाराने रविवारी सुट्टीच्या वेळात जेवणाच्या टेबलावर बसून सदर ॲप तयार केले. त्यात मोठी चित्रे आहेत. चित्र दाबले की बाईंचा तेवढाच धडा लागतो आणि संपला की थांबतो. एवढेच. त्यात जाहिरात नाही, खरेदी नाही, नाव-पत्ता विचारलेला नाही. रुग्णालयाच्या बाकावर ओळख झालेल्या सात-आठ घरांनी ते मागून घेतले. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ज्यांना आजारानंतर ‘नाही’ एवढा एकच शब्द उरला आहे. चहा हवा असला तरी ते ‘नाही’ म्हणतात आणि कप पुढे करतात. या घरांना आपल्या नियमानुसार चाचणी आवृत्ती दिली. ती ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद पडते, म्हणून ॲप रीतसर स्टोअरवर यावे यासाठी अर्जदाराने ते परीक्षणासाठी पाठवले.

५. पहिला नकार असा : ॲपमध्ये त्रयस्थ पक्षाच्या स्ट्रीमिंग सेवेवरील व्हिडिओ आढळतात, ते वापरण्याचा हक्क असल्याचा लेखी पुरावा द्यावा. हा नियम योग्य आहे. कुणाचे कष्ट कुणी फुकट उचलू नयेत याबद्दल अर्जदाराचे दुमत नाही. तो पुरावा आधीच जोडायला हवा होता, ही चूक अर्जदाराचीच. अर्जदार बाईंच्या गावी गेली. बाईंनी दारातच विचारले, “कोण बोलत नाहीये?” सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी स्वहस्ते परवानगीपत्र लिहून दिले.

६. दुसरा नकार : पत्र देणारी व्यक्ती हीच चॅनेलची मालक असल्याचे सिद्ध होत नाही, तसेच स्ट्रीमिंग सेवेचीही संमती आवश्यक आहे. अर्जदाराने त्या सेवेला लिहिले. त्यांचे उत्तर आले, की परवानगी व्हिडिओच्या मालकाकडून घ्यावी. अर्जदाराने ते उत्तर आपल्याला पाठवले. आपण कळवले, की सेवेची संमती जोडलेली नाही. अर्जदाराने पुन्हा त्यांना लिहिले, त्यांनी पुन्हा तेच कळवले. घाण्याच्या बैलालासुद्धा संध्याकाळी सोडतात, असे सासूबाई म्हणाल्या.

७. शेवटी बाई स्वतः म्हणाल्या, की जुने राहू दे, आपण नवे करू. त्या एक पिशवी घेऊन घरी आल्या आणि चार दिवस राहिल्या. बैठकीतल्या भिंतीला साधी चादर लावली. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला शिष्य म्हणून सासरे. अर्जदाराने फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवून चित्रण केले. पहिले दोन दिवस सासऱ्यांनी तोंड उघडले नाही. कॅमेऱ्यासमोर चुकायची त्यांची तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वयंपाकघरातून एक दुधी आणून टेबलावर ठेवला आणि काहीच न शिकवता म्हणाल्या, “एक वार.”

सासरे दुधीकडे पाहत राहिले. बाईंनी पुन्हा म्हटले, “एक वार.”

“दोन वार,” सासरे म्हणाले. “तीन वार.”

तो आवाज जुनाच होता. पूर्ण, न अडखळता. खालच्या मजल्यावरचे शेजारी काय झाले म्हणून वर आले. सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि तशाच दाराला धरून उभ्या राहिल्या. दारावर पिठाचे ठसे उमटले. बाई मात्र अगदी शांत होत्या. रोजच्या घोकलेल्या शब्दांची जागा मेंदूत वेगळी असते आणि ती पुष्कळदा वाचते, असे त्यांनी समजावून सांगितले. तोच जिना धरून बाकीचे शब्द एकेक करून उतरवायचे. त्या दुपारी ‘एक वार’वरून त्यांनी सासऱ्यांना ‘सोमवार’वर आणले, आणि ‘सोमवार’वरून ‘आज कोणता वार’ इथपर्यंत. आठवडाभराने सासऱ्यांनी पाण्याला पाणी म्हटले. हा संपूर्ण धडा ॲपमध्ये आहे. जगात दुसरीकडे तो कुठेही नाही.

८. तिसरा नकार : नव्या व्हिडिओंतील व्यक्ती, वाक्ये व हावभाव एका स्ट्रीमिंग चॅनेलवरील आशयाशी मोठ्या प्रमाणात मिळतेजुळते आहेत, सबब मूळ व्यक्तीची परवानगी घ्यावी. अर्जदाराने हे बाईंना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, “म्हणजे मी माझीच नक्कल केली. ओठ तेच आहेत गं, नवे कुठून आणू?” त्यांनी नवे पत्र लिहिले. त्यात त्यांनी स्वतःला, स्वतःचे तोंड स्वतःच्या पद्धतीने हलवण्याची परवानगी दिली आहे. देणार म्हणून सही केली आणि घेणार म्हणूनही केली. साक्षीदार म्हणून पोस्टमनला बोलावले. अर्जदाराने ते पत्र गांभीर्यानेच सादर केले आहे, कृपया विनोद समजू नये.

९. चौथा नकार आला तेव्हा त्रयस्थाचा प्रश्न मिटल्यासारखा दिसला, कारण त्याचा उल्लेखच नव्हता. आक्षेप वेगळा होता. ॲपमध्ये लिलाव व बोली आढळून आल्याने आर्थिक व्यवहाराचा परवाना सादर करावा, आणि वापरकर्त्याचे वय व उत्पन्न तपासण्याची सोय करावी. महोदय, तो दुधी विकला गेला नाही. त्याची संध्याकाळी भाजी झाली. ज्या शब्दांनी एका माणसाची वाचा परत येऊ लागली, ते शब्द काढून टाकले तर ॲप मंजूर होईल, असा या पत्राचा अर्थ अर्जदार लावते. तसे करणे अर्जदाराच्या हातात आहे. बटण समोर आहे. ते अर्जदाराकडून दाबले जात नाही.

१०. या पत्रव्यवहारात चाचणी आवृत्तीची मुदत मध्यंतरी एकदा संपली. अर्जदार कामावर होती. सासऱ्यांनी सकाळी नेहमीप्रमाणे चित्र दाबले, काही लागले नाही. आपल्याच हातून काही बिघडले असे त्यांना वाटले. सासूबाई सांगतात, की त्यांनी बोट धोतराला पुसून पुन्हा दाबले, मग डाव्या हाताने दाबले. नंतर फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्यापुढे हात जोडले. अर्जदार घरी आली तेव्हा त्यांनी ‘चुकलो’ एवढेच म्हटले. तो शब्द त्यांना कुणी शिकवला नव्हता. मुख्याध्यापकांच्या मुलीचा फोन आला, की त्यांनी दोन दिवस ‘नाही’सुद्धा म्हटलेले नाही. अर्जदाराने नवी आवृत्ती देऊन तेवढे निभावले. परंतु आपल्या शेवटच्या पत्रानुसार, या महिनाअखेर खात्यावरील चाचणीची सवलतच काढून घेण्यात येणार आहे. त्यानंतर अर्जदाराकडे कोणताही मार्ग उरत नाही.

११. तरी विनंती, की (अ) बाईंचे व्हिडिओ हे बाईंचेच आहेत हे मान्य व्हावे. (आ) लिलावाचा आक्षेप मागे घ्यावा, किंवा निदान कुणीतरी तो धडा एकदा पूर्ण पाहावा. (इ) निर्णय होईपर्यंत सात-आठ घरांपुरती चाचणी आवृत्ती चालू ठेवावी. अर्जदार यासाठी कोणत्याही दिवशी, कोणत्याही कार्यालयात, बाईंसह व सासऱ्यांसह समक्ष हजर राहण्यास तयार आहे.

१२. व्हिडिओंत सासऱ्यांचा चेहरा असल्याने त्यांची संमती घेणे आवश्यक होते. म्हणून हा अर्ज पाठवण्यापूर्वी अर्जदाराने तो त्यांना संथपणे, दोन वेळा वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

“साहेब,” त्यांनी विचारले, “बोलतात?”

अर्जदाराने सांगितले, “अजून नाही बोलले, बाबा.”

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समदुःखी माणसाबद्दल वाटावे तसे त्यांना काहीतरी वाटले असावे. त्यांनी अर्जदाराच्या हातावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “घाई... नको करू. घाबरतात. एकच... शब्द... माग.”

त्यांच्या सांगण्यावरून अर्जदार अधिक लिहीत नाही. एकच शब्द मागते. तो नकाराचा असला तरी या घरात ऐकून घेतला जाईल. तो आपण स्वतः, आपल्या हाताने लिहावा, इतकेच.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार

स्थळ : राहते घर
दिनांक : महिन्याची एकवीस तारीख, सोमवार (वार सासऱ्यांनी सांगितला)

सोबत :
१. चार नकारपत्रांच्या प्रती
२. बाईंची दोन्ही परवानगीपत्रे
३. सासऱ्यांची संमती, डाव्या हाताच्या सहीने
४. सातव्या परिच्छेदातील धडा, पूर्ण लांबीचा, आवाजासह