हजेरीतला सातवा आवाज

प्रिय वेनिंग,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग? बू प्राप्ती! तीच गं, पलीकडच्या खोऱ्यातली सुईण. रेडिओवरचा तिचा आवाज ऐकून मी इतकी वर्षं समजत होते, की बाई चांगली दणकट, दारात मावणार नाही अशी असेल. आणि दारात उभी कोण, तर मूठभर बाई, हातात ठिबकती छत्री. मी विचारलं, "कोण हवंय?" तर म्हणते, "एम्बाह आजी, रोज संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी बसून माझं बोलणं ऐकता, आणि आता ओळख विचारता होय?" मला हसू आवरेना. आत बसवलं, सोयाबीनच्या तेम्पेची गरम भजी पुढे केली. पहिला घाणा जरा करपला होता, पण तिने खाल्ला.

तुला यातलं काही ठाऊक नसणार, म्हणून सांगते. सेमारांगहून रेडिओसंघाची दोन माणसं आपल्या घरी येणार होती, आपलं रेडिओ मंडळ जिवंत आहे की मेलं ते बघायला. रेडिओवर बोलायचा परवाना असलेली सात माणसं समोर बसलेली दिसली पाहिजेत, असा त्यांचा नियम. नाही दिसली तर मंडळ शहरातल्या मंडळात घालायचं आणि आपल्या छपरावरचा अँटेनाचा उंच खांब उतरवून न्यायचा, कारण खांब मंडळाचा. तुझे आजोबा गेल्यावर या घरात संध्याकाळी बोलतंय कोण? तो रेडिओच ना. मला त्यातलं अर्धं कळत नाही, पण कुणाच्या गाईला वासरू झालं, कुठल्या रस्त्यावर दरड आली, सगळं मला चुलीपाशी कळतं. खांब गेला तर मी मांजराशी बोलू का?

मंडळ वाढावं म्हणून मास गालिहने काय कमी केलं? आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पोरांना बसवून शिकवलं. पोरं येतात, माझी भजी खातात, "हे सगळं मोबाइलवर होतं की," म्हणतात आणि जातात. रोज रेडिओवर हजेरी घेणारे पाक सार्जितो म्हणतात, "जाऊ दे त्यांना. दरड कोसळून मोबाइल मुके झाले, की धावत येतील." मागल्या वेळी तसंच झालं होतं, बू प्राप्तीने एका बाळंतिणीसाठी गाडी बोलावली ती रेडिओवरूनच. तेव्हा दोघांनी परवाना काढला. म्हणजे मंडळ वाढायला दरडच हवी का? मला तर काही उमगत नाही.

तर एकेक जण येत गेला आणि गंमत बघ, कुणी कुणाला ओळखेना! रोज बोलणारी माणसं, पण डोंगराच्या चार अंगांना राहणारी. कित्येकांची तोंडं एकमेकांनी पाहिलेलीच नव्हती. तंबाखूवाले हाजी मुस्लिख पाक सार्जितोंच्या शेजारी बसून त्यांनाच विचारत होते, "पाक सार्जितो अजून आले नाहीत वाटतं?" आणि सगळे गप्प. हवेत, म्हणजे रेडिओवर, एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, तीच सवय. जो तो दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघतोय! सेमारांगचा तो चष्मेवाला पाहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बू, यांचं भांडण झालंय का?"

मग त्याने डोकी मोजली. सहा. पुन्हा मोजली, तरी सहाच. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला परवाना आहे का?" मी म्हटलं, "मला भज्यांचा आहे." कुणी हसलं नाही. तेव्हा पाक सार्जितो उठले आणि म्हणाले, "आमची रोजची हजेरी तरी होऊ द्या." कोपऱ्यातला रेडिओ लावला, मायक्रोफोन हातात घेतला आणि नेहमीसारखी एकेकाची हवेतली नावं पुकारायला लागले. आणि काय सांगू, सगळ्यांनी डोळे मिटले! डोळे मिटल्याबरोबर ओळख पटली. हाजी ओरडले, "अरे, हाच तो सार्जितो! हा एवढा काळा असेल असं वाटलं नव्हतं!" पाक सार्जितो म्हणाले, "आणि तुम्ही इतके म्हातारे असाल असं मलाही नव्हतं वाटलं." मग जी कलकल सुरू झाली, पाहुण्यांना भजी मागायलाही फट मिळेना.

हजेरीत शेवटी तुझं नाव येतं, ते तुला माहीत नसेल. तू परवाना काढून बातामच्या कारखान्यात गेलीस, तरी पाक सार्जितो रोज तुझं नाव पुकारतात, जरा थांबतात आणि मग हजेरी संपली म्हणतात. तेव्हाही पुकारलं. थांबले. आणि रेडिओतून आवाज आला, "आहे. सगळं ठीक. ओव्हर."

माझ्या हातातला झारा खाली पडला. बू प्राप्ती म्हणाली, "ही वेनिंगच! आमच्या खोऱ्यात, हिच्या आईच्या माहेरी, हिला मी या हातांनी जगात आणलंय, पहिलं रडणंसुद्धा आठवतंय मला." हाजी म्हणाले, कुणीतरी दुसरी पोरगी तिचं नाव वापरतेय, आणि हवेत दुसऱ्याचं नाव घेण्याएवढं पाप नाही. पाहुणा म्हणाला, कोणी का असेना, आवाज मोजता येत नाही, माणूस समोर दिसलं पाहिजे. तेव्हा हाजीच उसळले, "आवाज मोजत नाही? मग इतकी वर्षं आम्ही काय केलं?" पाहुण्याला हसू आलं. एकवार पुन्हा येतो म्हणाला, पण शेवटचं.

आणि मग गालिह बोलून गेला. "बाताम समुद्रापलीकडे. आपला सेट एवढं लांबचं ऐकत नाही. जो बोलला तो या डोंगराच्या आसपासच आहे." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने भजं तोंडात कोंबलं.

तेव्हापासून माझं डोकं नुसतं गरगरतंय, वेनिंग. आनंद एवढा, की मांजराला दोनदा मासळी घातली. आणि मग चुलीपाशी बसून विचार, की पोरगी इथेच कुठेतरी आहे, तर घरी का येत नाही? कारखाना बंद पडला का? कुणी काही बोललं का? पाठवायला पैसे उरले नाहीत, म्हणून लाज वाटतेय का? तुझ्या बापाला मी काही सांगितलेलं नाही. तो भेटायला आला की अजून बातामच्या हवापाण्याच्या गोष्टी करतो, मी हो हो म्हणते. रेडिओवर तुला विचारलं असतं, पण सगळा डोंगर कान लावून असतो. म्हणून हे पत्र बातामच्या पत्त्यावर न टाकता तुझ्या त्या इथल्या जवळच्या तेमांगुंगच्या मैत्रिणीकडे, सुलास्त्रीकडे देतेय. तू जवळ असशील तर तिला ठाऊक असेल. आणि तो आवाज तुझा नव्हताच, तर ही म्हातारी खुळावली असं समज आणि पत्र फाडून टाक. पण तुझा असेल, तर कुठे होतीस ते मी विचारणार नाही, दुसऱ्या कुणाला विचारू देणार नाही. फक्त येऊन त्यांच्यासमोर बस. सातवी.

तुझीच, काही न कळलेली पण खूश,
एम्बाह

पाहुणे पुन्हा येणार ते येत्या रविवारी, पाच दिवसांनी भरणाऱ्या पोनच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी.