आळणी ताट

सात रस्ता, सोलापूर
ता. १८ ऑगस्ट १९३४

चि. सौ. मथुराबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहायला भाग पाडले ते तुझ्या नवऱ्याच्या पायांनी. परवा हिंदुराव इथे येऊन गेला. डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबले, तर खळगा तसाच राहिला. लघवी तापवली, तर पूर्वीसारखाच पांढरा साका. मूत्रपिंडाचा जुना विकार. समूळ जाणार नाही, पण मीठ तोडले तर आवरता येईल, असे ते महिन्यापूर्वीच म्हणाले होते. मीठ तोडूनही सूज वाढते कशी, हे त्यांना समजेना. मला तर मुळीच समजेना. माझा भाऊ चोरून खातो, की तू काही लपवतेस? गावात म्हणे त्याचे अंग भरले म्हणून कौतुक चालले आहे. ते बंद कर. ते पाणी आहे, बाळसे नव्हे.

उत्तर लगेच आले, तरच माझा लोभ शाबूत समजावा.

फुलाअक्का

वळसंग
ता. २२ ऑगस्ट

ती. आक्कांना मथुराचा शिरसाष्टांग नमस्कार.

मास्तरांकडनं लिवून घेतलंय, बोलले तसंच. आक्का, तुमी कालेज शिकलेल्या, आन् माज्यावर वहीम घेता व्हय? देवाशपथ, मिठाची चिमूट न्हाय घातली. मिठाचं मडकंच शेजारच्या गोजरबाईकडं नेऊन ठिवलंय. पैल्यांदा हे ताट सरकवायचे. असलं पिठलं बैलबी तोंडात घेणार न्हाय म्हनायचे. उपाशी किती दिस ठिवू? मग मी उपासाचं शेंदेलोण घालाया लागले. तवापासून लई गोडीनं जेवत्यात. तरीबी सूज उतरना. गोजरबाई म्हनती दृष्ट लागली, हे म्हनत्यात डागदरच खोटा. माजं तर डोस्कं चालंना. चुकतंय कुटं, सांगा की.

रागवा, पर लिवणं सोडू नका.

मथुरा

सात रस्ता, सोलापूर
ता. २५ ऑगस्ट

चि. सौ. मथुराबाईस आशीर्वाद.

तुझे पत्र डॉक्टरांना वाचून दाखवले. शेंदेलोणापाशी त्यांनी मला थांबवले. अगं, तेही मीठच. उपासाला चालते म्हणून मूत्रपिंडाला चालत नाही. त्याला सोमवार कळत नाही. गोडीसाठी लिंबू पिळ, मिरची ठेचून दे. घरात जे जे खारट असेल, ते सगळे गाडीवान तिप्पण्णाच्या हाती माझ्याकडे पाठव. काय चालेल, काय नाही, ते मी ठरवीन. निजल्यावर त्याला धाप लागते का? लागत असेल तर पाणी छातीत शिरले आहे, आणि मग एक दिवसही दवडू नये, असे डॉक्टर बजावून म्हणाले.

रागावलेली, तरी तुझीच,
फुलाअक्का

वळसंग
ता. २८ ऑगस्ट

ती. आक्कांना मथुराचा नमस्कार.

तिप्पण्णाच्या हाती दिलं ते असं. शेंदेलोण, व्हतं तेवढं सगळं. लोणच्याची बरणी. पापडाचा डबा, सांडगेबी त्यातच हायेत. वाळल्या मिरच्या ठिवून घेतल्या, त्या खारट न्हाईत.

चार दिस झाले, हे आडवं पडले की धापा टाकत्यात. उशाला भिंत धरून बसत्यात. म्हणून गाडीत गादी घालून ह्यांनाबी दिलंय.

लोणचं टाकून द्या, बरणी ठिवून घ्या. माणूस तेवढा माघारी धाडा. पोच लिवा.