तिसरं वर्तुळ

सान्ता इनेस, बुलाकान
२ सप्टेंबर १९७४

ती. कुया तिबो यांस,
मिन्दाचा सा. न. वि. वि.

'कुया' लावल्याशिवाय धाकट्या बहिणीचं पत्र तू वाचत नाहीस, म्हणून आधीच लावून टाकलं. इथे सगळं ठीक आहे. नानायचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. सिंगापूरच्या हॉटेलात बँडवाल्यांना पोटभर भात देतात की नुसतं पाव-लोणी, हे तिने आईच्या काळजीने विचारायला सांगितलंय.

आता खरी बातमी. नानायने तातायची पेटी उघडली! वडिलांवाचून ती एकटीच जहाजावरून परत आली तेव्हा मी जेमतेम चार वर्षांची होते, आणि तेव्हापासून कुणी तिला हात लावला की नानाय अंगावर धावून यायची. पण पंधरा दिवसांपूर्वी गावच्या बँडचे माएस्त्रो कांदिदो घरी आले. म्हणाले, तुमच्या नवऱ्याची, एउसेबियोची बँडमधली खुर्ची मी आणखी किती दिवस रिकामी ठेवू? येत्या उंदासला सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जमेल, तेव्हा तुमच्या घरातलं कुणी वाजवणार असेल तर ठेवतो, नाहीतर सुताराचा जावई टपून बसलाय. दुसऱ्या दिवशी नानायने पेटीतला सॅक्सोफोन पुसून माझ्या गळ्यात अडकवला.

पेटीच्या खणात तातायच्या हातचे कागद निघाले. त्यात तुझ्या स्वरलिपीच्या पाच रेघा नाहीत आणि त्यांवर बसलेली बेडकाची पिल्लंही नाहीत. नुसती वर्तुळं! प्रत्येक सुराला एकाखाली एक सहा. वरची तीन डाव्या हाताची, खालची तीन उजव्या. काळं असेल तर कळ दाबायची, पोकळ असेल तर सोडायची. तू माएस्त्रोंची छडी खात वर्षं घालवलीस, आणि मी आठवड्यात अख्खं सप्तक वाजवते. आता बोल!

एकच कळत नाही. डाव्या हाताचं तिसरं वर्तुळ कुठेच काळं नाही. त्या जागी फुली आहे आणि शेजारी लिहिलंय, करंगळी. म्हणून मी तिसरी कळ करंगळीने दाबते. आधी ती वळायचीच नाही, आता आपोआप जाते. शेवटच्या कागदावर एक अख्खी चाल आहे, बिननावाची. तिच्या शेवटच्या ओळीतली वर्तुळं मात्र सगळी पोकळ आहेत.

उत्तराला उशीर केलास तर तुझ्या फोटोतल्या त्या बाईबद्दल नानायला सांगेन. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मिन्दा


सिंगापूर
१३ सप्टेंबर

चि. मिन्दा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ती बाई आमच्या बँडची गायिका आहे आणि तिचा नवरा मागे ड्रम बडवतो. बडवायचा त्याला चांगला सराव आहे, तेव्हा धमक्या जपून दे. नानायला सांग, भात मिळतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेली सुकी मासळी तेवढी मिळत नाही.

पेटी उघडली हे वाचून मी पत्र खाली ठेवून जरा वेळ खिडकीशी उभा राहिलो. बरं वाटलं, आणि नाहीही. असो.

त्या फुलीचं तुला कुणीच कसं सांगितलं नाही? तातायना डाव्या हाताची अनामिका नव्हती. लग्नाआधी बर्फाच्या कारखान्यात यंत्राने नेली. म्हणून ते तिसरी कळ करंगळीने दाबत. तुला देवाने दहाच्या दहा बोटं दिली आहेत, ती वापर!

आणि माझ्या बेडकाच्या पिल्लांना हसू नकोस. वर्तुळं फक्त बोट कुठे ठेवायचं ते सांगतात. सूर किती धरायचा, कुठे थांबायचं, यातलं काही सांगत नाहीत. पाच रेघा सूर सांगतात, बोटांचं ज्याचं त्याने बघायचं. म्हणून त्या कुणालाही चालतात. तातायची वर्तुळं तातायच्या हाताची आहेत. शेवटच्या ओळीचं म्हणशील, तर सगळ्या कळा सोडल्या तरी सॅक्सोफोन वाजतोच. तेव्हा तिथे एक लांब सूर आहे, की शांतता, की ओळ भरायचीच राहिली, हे वर्तुळांवरून कुणालाच सांगता येणार नाही. मला वाटतं राहिलीच. जहाजाच्या त्या शेवटच्या सफरीतच ते वारले.

सोबत पाच रेघांवर सप्तक लिहून पाठवतोय. माएस्त्रोंकडे जा आणि त्यावरून शीक. आठवण ठेवतेस हे माहीत आहे, पत्रातूनही ठेवत जा.

तुझा,
कुया तिबो


सान्ता इनेस
२७ सप्टेंबर

ती. कुया तिबो यांस,
मिन्दाचा सा. न. वि. वि.

तुझं सप्तक मिळालं. शिकेन, शिकेन, ओरडू नकोस. पण आधी घडलेलं सांगते.

माएस्त्रोंना तातायची चाल वाजवून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला विचारलं, कुठला सूर किती धरायचा हे तुला कुणी सांगितलं? कागदावर ते नाही. मी म्हटलं, माहीत नाही, तसंच आहे ना ते? त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि ते लगेच उठले. चहासुद्धा घेतला नाही. त्यांनी चहा सोडलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

दुसरं म्हणजे, तिसऱ्या ओळीच्या आधी मला खाकरावं लागतं. घसा स्वच्छ असतो, तरीही. नानाय स्वयंपाकघरात होती, ते ऐकून तिच्या हातातला डाव खाली पडला. तेव्हापासून ती जेवताना एक ताट जास्त घेते. मी थट्टा केली, की कुयाचं भूत जेवायला येतं का. हसली नाही.

तू सांगितलंस म्हणून अनामिका वापरायचा प्रयत्न केला. ती जात नाही रे. कळेवर ठेवली तरी दाबत नाही, आणि गार असते. बाकीची बोटं गरम असतात. नानाय म्हणते, वारा लागला असेल.

आणि ती शेवटची ओळ. तिच्यातल्या पहिल्या काही सुरांची वर्तुळं आता भरलेली आहेत. मी आधी नीट पाहिलं नसेल का? पण मी पाहिलं होतं. नानायला विचारलं, तर म्हणाली, मला लिहिता तरी येतं का? तुझं काय मत आहे ते लवकर कळव. बहीण तुझीच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
मिन्दा


सिंगापूर
६ ऑक्टोबर

चि. मिन्दा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज थट्टा करत नाही. ताताय तसेच खाकरायचे, लांब चाल असली की मध्ये एकदा. त्यांना घरी वाजवताना शेवटचं ऐकलं तेव्हा तू पाळण्यात होतीस. हे तुला माहीत असायचं कारण नाही. मला भीती वाटते, हे स्पष्टच लिहितो.

वर्तुळांवरून वाजवताना तू तुझी बोटं त्यांच्या बोटांवर ठेवतेस. त्यांना नव्हतं ते बोट तुझंही गार पडतंय. ते कागद पेटीत घाल, नाहीतर सरळ मला पाठवून दे.

एक उपाय सुचतो. सोल शार्प नावाचा एक सूर आहे. त्याला डाव्या हाताची तिन्ही बोटं लागतात आणि करंगळीही लागते, तिच्या स्वतःच्या कळेवर. तातायची करंगळी अनामिकेच्या जागी अडकलेली, त्यामुळे तो सूर त्यांना कधीच वाजवता आला नाही. चालीत तो आला की ते थांबायचे आणि तो मी क्लॅरिनेटवर वाजवायचो. तेव्हा मला तोतोय म्हणायचे. माझ्याकडे वळून एक वाक्य बोलायचे, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नाही. त्यांचं तेवढंच माझ्याकडे उरलंय.

सोबतच्या कागदावर पाच रेघांत नुसता सोल शार्प लिहिलाय, लांब, आखूड, पुन्हा लांब. रोज सकाळी आधी तो वाजव. तो जोवर वाजतोय, तोवर हात तुझा आहे. नानायला जप, आणि स्वतःला त्याहून जास्त.

तुझा,
कुया तिबो


सान्ता इनेस
२० ऑक्टोबर

ती. कुया तिबो यांस,
मिन्दाचा सा. न. वि. वि.

तुझा सोल शार्प वाजला! बोट आधी ऐकेना. मग पाच रेघांकडेच बघत राहिले, वर्तुळं मनातूनसुद्धा काढून टाकली, आणि अनामिका हळूहळू खाली गेली. इतकी ऊब आली हातात की मला रडूच फुटलं.

पण नानायही रडली. म्हणाली, घरात माणूस असल्यासारखं वाटत होतं, ते गेलं. जास्तीच्या ताटासमोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तुझा कागद जागेवर नव्हता. मी विचारलं तर मला सुनावलं, की सगळ्या गावाला आपापली कबर आहे, आपण तेवढे दरवर्षी मोठ्या क्रूसाच्या पायथ्याशी परक्यांच्या मेणबत्त्यांत आपली मेणबत्ती खुपसतो. त्याचं प्रेत समुद्रात सोडलं, तो येणार कुठे आणि कुणाकडे? एकदा त्याची चाल त्याला ऐकव, मग हवं तर पेटी विहिरीत टाक.

कुया, मी हो म्हटलं. तिला नाही कसं म्हणू? उंदासला क्रूसापाशी एकदा वाजवेन, मग संपलं. कागद त्यानंतर पाठवते. सोल शार्प मला तोंडपाठ आहे, पण कागद समोर नसला की बोट पुन्हा अडतं.

शेवटची ओळ आता पूर्ण भरली आहे. आणि गंमत म्हणजे, त्या ओळीत फुली नाही. तिसरं वर्तुळ काळं आहे, चांगलं गच्च भरलेलं. म्हणजे तिथे अनामिकाच वापरायची ना? तू सांगत होतास तसंच. हे चांगलं लक्षण आहे, नाही का? रागावलास तरी चालेल, पण दुरावू नकोस.

तुझी,
मिन्दा


सिंगापूर
२६ ऑक्टोबर

चि. मिन्दा,
अनेक आशीर्वाद.

वाजवू नकोस. क्रूसापाशी नाही, घरात नाही, नानायने पाय धरले तरी नाही.

तिसरं वर्तुळ काळं असेल तर ते कुणाच्या बोटाचं आहे, याचा विचार कर. तातायना ते बोट नव्हतं. तुझं गार पडलं आणि त्यांच्या कागदावर ते आलं, पोरी.

रजा मागितली आहे. पहिलं मिळेल ते जहाज धरून निघतो, पण उंदासपर्यंत पोचणं कठीण दिसतंय. हे पत्र तरी वेळेवर पोचो. सोल शार्प पुन्हा लिहून पाठवतोय. तो नानायला दाखवू नकोस, अंगावर ठेव. वाजवलास की लगेच मला तसं लिही. तेवढं एक वाक्य आलं तरी मला कळेल की तू तूच आहेस.

माझी एकुलती एक बहीण आहेस. हे आजवर नीट कधी लिहिलं नाही, म्हणून आज लिहितो.

तुझा,
कुया तिबो


सान्ता इनेस
३ नोव्हेंबर

चि. तोतोय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उंदासच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. टपालवाले आपल्या वेळीही असेच होते. एवढा जीव काढून धावत येण्याची गरज नाही. सावकाश ये, आणि समुद्रावर असताना डोक्याला काहीतरी बांध.

उंदास फार छान झाला. कबरींवर मेणबत्त्या होत्या, लोक भात आणि डुकराचं मटण घेऊन बसले होते, पोरं मेणाचे गोळे करत होती. क्रूसापाशी चाल वाजवली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. लोक बोलायचे थांबले. कांदिदो म्हातारा झालाय, त्याने टोपी काढली आणि घालायची विसरला. खुर्ची आपलीच राहिली. तुझ्या आईने नवा झगा घातला होता. घरी येऊन तिने ताटं वाढली, आणि कुठलंच ताट जास्तीचं झालं नाही.

तू पाच रेघांवर लिहिलेला आधीचा कागद तुझ्या आईच्याच खिशात सापडला. त्या रेघा मला कधी वाचता आल्या नाहीत, तुला ठाऊक आहे. आता येतात. पोरगी हुशार आहे, माएस्त्रोंकडे थोडं शिकली होती. तू लिहायला सांगितलं होतंस म्हणून लिहितो: सोल शार्प वाजवला. लांब, आखूड, पुन्हा लांब. अनामिका तिसऱ्या कळेवर आणि करंगळी तिच्या जागेवर. इतका सोपा सूर असतो तो! आणि मी जन्मभर तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो.

मिन्दा बरी आहे. काही बोलत नाही, तिला तेवढी थंडी वाजते.

क्लॅरिनेट घेऊन ये, बापलेक मिळून वाजवू. तो सूर आला की मी तुझ्याकडे वळून म्हणायचो ना, तू धर, तोतोय, मी श्वास घेतो. आता तू धरायला नको. श्वास आहे मला, भरपूर आहे.

घरच्या मायेत काही उणं नाही, तू फक्त ये.

तुझा,
ताताय