रक्त जाऊन राह्यलं कुठी

५ जाने.
या आठवड्यात चौथ्यांदा. संडासात लाल. दुखत नाई फार. पाणी ओतलं, बाहेर आली, चहा मांडला. कोणाले सांगू? हे काय सांगाची जागा आहे!

८ जाने.
अंगणवाडीत पोरायची वजनं घेता घेता डोळ्यापुढं अंधारी आली. मंदाबाई मदतनिसीनं धरलं म्हणून पडली नाई. म्हणे, "ताई, तुमचं सिकलसेलचं पिवळं कार्ड आहे ना, त्याच्यानंच होते." पिवळं म्हणजे वाहक, आजारी नाई. आजाऱ्याले लाल कार्ड. बायायच्या बैठकीत हे मीच घसा कोरडा करून सांगते. पण आज चुपचाप मान डोलवली. एक कारण भेटलं, बरं वाटलं.

१४ जाने.
लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, मनानंच. गरोदर बायायले वाटतो त्याच. एक नाई, दोन.

२१ जाने.
पोट दगड झालं. तीन दिवसांतून एकदा, ते बी कुथून कुथून. पहिले थेंब होते, आता धार. नळ सुरू ठेवून रडली, ह्यायले आवाज जाऊ नये म्हणून.

२७ जाने.
हे सवारीची जीप घेऊन ब्रह्मपुरीले निघाले होते. माझ्याकडं पाहून थांबले. "तोंड पांढरं फट पडलं तुझं. उद्या दवाखान्यात चल."
"काई नाई, सिकलचं आहे."
"दहा वर्षं झाली पिवळ्या कार्डाले, तवा नाई पडलं पांढरं!"

२८ जाने. ब्रह्मपुरी
रक्त ६.८. डॉक्टरबाई तरणी, आपल्या पोरीएवढी. मी कार्ड टेबलावर ठेवलं, ऐटीत. "वाहकाचं रक्त एवढं उतरत नाही, काकू. जातंय कुठं ते सांगा."
मी ह्यायच्याकडं पाह्यलं. तिनं ह्यायले बाहेर बसवलं. पाळी? बंद झाली. मग?
सांगून टाकलं. हुंदकाच फुटला. ती हसली नाई, पेन खाली ठेवला. "किती दिवस?" दिवस! सव्वा वर्ष.
बोटानं तपासलं, मग नळी घालून पाह्यलं. लाजेनं अर्धी मेली, पण दोन मिनिटांत झालं बी. मूळव्याध आहे, आतली. गोळ्यायनं पोट बांधलं, पोट बांधलं का जोर, जोर केला का रक्त. म्हणजे आगीत तेल मीच ओतून राह्यली होती. लोहाचं सलाइन लावलं, पोट नरम कराचं औषध दिलं.
"पाणी किती पिता?" अंगणवाडीत पीतच नाई. तिथल्या संडासात सरपण भरून ठेवलं, जाऊ कुठी? कोणी भरलं? मी.

३ फेब्रु.
सरपण काढलं. मंदाबाई बोंबलली, "आता माझ्या डोक्शावर ठेवू का?" मग तिले कारण सांगितलं. हातातली लाकडं खाली ठेवली. हळूच म्हणे, "ताई, मले बी होते." दोन पावसाळे झाले म्हणे! रोज मांडीले मांडी लावून बसतो आम्ही. दोघी हसलो. मग हसू थांबलं.

९ फेब्रु.
सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या टबात बसणं. अंबाडीची भाजी, पाणी, पाणी. सहा दिवस काई नाई. देवा...

१५ फेब्रु.
पुन्हा. डॉ.बाई म्हणे, मूळव्याध आहे हे खरं, पण सगळं रक्त तिचंच आहे का, ते दुर्बिणीनं पाहू. चंद्रपूरले. "घरात कोणाला असं होतं?"
माय. सुकत सुकत गेली. तिची लुगडी मीच धुवत होती, डाग पाह्यले होते. सगळे म्हणत, आपल्या घराण्याचं रक्तच पातळ. मी बी तेच म्हणत होती. डॉ.बाईले एवढंच म्हटलं, हो, मायले होतं.

२० फेब्रु. चंद्रपूर, दवाखान्याचा बाक
काल औषध पाजलं, पोट पार धुवून निघालं. बाजूले हे.
"भेव वाटते का?"
वाटते म्हटलं. लय वाटते. मायले जे झालं तेच मले असन तर?
ह्यायनं माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. मग म्हणे, "असन तर समजन तरी. तिले तं कोणी इचारलं बी नाई."
रडू आवरत नाई.
आतून नाव पुकारलं. ही वही ह्यायच्या हातात देऊन जाते. वाचा म्हटलं, पहिल्या पानापासून.