बाबांच्या फोटोतली टिकली

मंगळवार, संध्याकाळ. भोईवाडा.

आज बाबांच्या स्कॅनचा रिपोर्ट मिळाला. हॉस्पिटलच्या बाकावर बसूनच पाकीट उघडलं. बाबा शेजारी वाकून बघत होते.

चार वर्षं मी लॅबमध्ये हेच करतेय. रेणू तयार करायचा, त्यातल्या एका अणूला खूण करायची आणि ती शेवटी कुठे पोचते ते शोधायचं. पीएचडी म्हणजे नेमकं काय, असं बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं होतं, अणूला टिकली लावते. तेव्हापासून चाळीत सगळ्यांना तेच सांगतात.

काल स्कॅनआधी सुई देताना बाबा घाबरले होते, म्हणून मीच समजावलं. "खूण केलेली साखर आहे बाबा. जिथे जाईल तिथे फोटोत चमकेल." एवढंच का सांगितलं? ही साखर सगळ्यात जास्त खाते ती कॅन्सरची गाठ, हे का नाही सांगितलं?

फोटोत यकृतावर ठिपके, मणक्यावर ठिपके, बरगड्यांतही. बाबांनी चष्मा लावून एकेकावर बोट ठेवलं. "तुझीच ना गो ही टिकली? कुठे कुठे पोचली बघ!"

मी हो म्हटलं.

लॅबमध्ये खूण सापडली नाही की मला रडू येतं. आज पाकीट उघडताना देवाला म्हणत होते, एकसुद्धा सापडू देऊ नकोस.

आत्ता बाबा गॅलरीत शेजारच्या काकूंना तो फोटो उजेडात धरून दाखवताहेत. "आमच्या पोरीचं काम आहे हे. बघा, अंगभर पोचलंय."