अमृतची गाठ

२३ मार्च, रविवार

नवं गाणं लिहीत होते —आणि दुसऱ्या कडव्यावर थांबले. पाय हलत होता! शेजारच्या विणकराच्या मागाच्या ठेक्यावर, आपोआप.

धोंड लोटली, चल गं मरिये,
धावत सांगू घरोघर.

माझंच गाणं, ईस्टरचं — कबरीवरची धोंड लोटून येशू उठला त्याचं. इतकं हलकं? वही मिटली. भांडी घासली. पुन्हा उघडली.

२४ मार्च

अमृत गेला, संसारात मी एकटी उरले, तेव्हापासून अकरा गाणी केली. सगळी संथ. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी गेलं की दफनभूमीत माझंच गाणं असतं. प्रत्येकात तो कुठेतरी आहे. या बाराव्यात शोधलं. नाही.

३० मार्च, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना ऐकवलं. "ईस्टरच्या प्रभातफेरीत हेच घेऊ!"

सोनाबाई बाकावर बसून होत्या. "नाचायचं हाय की गं हे! मग आमाला रडवायचं कुणी?" स्वतःच हसल्या. मग माझा हात धरून, हळू — "आमचं म्हातारं गेलं तवा तूच हुतीस."

मी हात सोडवून घेतला नाही.

४ एप्रिल

ढोलकीशिवाय हे गाणं उभं राहत नाही. एकटी गायले की ओळ लांबते, जुनी होते.

आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ढोलकी नाही. तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कापडात बांधायची, ईस्टरच्या पहाटे दफनभूमीच्या फाटकाशी गाठ सोडायची. तोवर नुसता आवाज.

११ एप्रिल

मंडळीतला ढोलकीवाला बसू आला. ढोलकी अमृतकडेच शिकला. "वहिनी, माज्या ढोलकीची पुडी फाटली बघा, कातडंच. बांधल्या जागी, उन्हानं." चहा प्यायला. कपाटावरच्या ढोलकीकडे बघत म्हणाला, "दादाची हाय की."

मी कप उचलून आत गेले.

ती ढोलकी अमृतने तीन वर्षांपूर्वीच्या राखेच्या बुधवारी बांधली. तेरा दिवसांनी तो गेला. त्या ईस्टरला ती कुणी सोडली नाही. पुढच्या दोन ईस्टरनाही नाही. त्याचे शर्ट वाटले, चष्मा दिला, उशीचा अभ्रा शेवटी धुतला. त्याच्या बोटांनी केलेलं, अजून तसंच असलेलं — ती एक गाठ.

१२ एप्रिल

नाही देणार.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

जुनं गाणं गायले. मंडळी रडली. माझ्या मनात मागाचा ठेका. लाज वाटली. मग वाटलं, तो असता तर इथेच, मागच्या बाकावर बोटं वाजवत बसला असता — आणि मी डोळे वटारले असते.

किती दिवसांत कुणावर डोळे वटारले नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार

बसूचा फोन. "दुसरी मिळंना वहिनी. टाळ्यांवर भागवू."

दुपारी ढोलकी खाली काढली. धूळ पुसली, गाठ वगळून. निरगाठच असणार. त्याचं सगळं घट्ट — बुटाची नाडीसुद्धा मला कापावी लागायची. इथे कात्री चालवणार नाही.

संध्याकाळी बसूला कळवलं — घेऊन येते. सुटली तर सुटली.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे पाचला फाटकाशी एक टोक ओढलं. सुरगाठ होती. एका ओढीत सुटली.

बसूने थाप मारली. पहिली ओळ माझी हुकली. दुसरीपासून गायले.